सेल्फ उचलत नाही! होडीच्या इंजिनाबद्दल वाचकांचे प्रश्न

पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते आणि दोन महिने शाकारून ठेवलेल्या नौका पाण्यात उतरतात. याच दिवसांत सेल्फ स्टार्टरच्या, म्हणजे बॅटरीवर इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरच्या, तक्रारी जास्त येतात. त्यातली काही पत्रं आणि त्यांची उत्तरं या वेळी देत आहोत.

प्रश्न : आमच्या ट्रॉलरला सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे, २४ व्होल्टचं. चावी फिरवली की नुसता ‘टक’ असा आवाज येतो, इंजिन फिरत नाही. चार-पाच वेळा चावी मारली की कधी तरी उचलतं. दोन महिन्यांत दोन सेल्फ बदलले, दोन्ही बॅटऱ्याही बदलल्या. आता तिसरा सेल्फ घ्यायचा का? — नौकामालक, करंजा

तिसरा सेल्फ एवढ्यात घेऊ नका. दोन सेल्फ इतक्या लवकर गेले, तेव्हा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं चाललेलं असण्याची शक्यता मोठी आहे. दोष बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेत असावा आणि तोच नवे सेल्फ खात असावा. वाटेत व्होल्टेज पडलं की सोलेनॉइड, म्हणजे सेल्फवरचा चुंबकी स्विच, अर्धवट ओढतो. आतली तांब्याची चकती संपर्काच्या बोल्टांवर पूर्ण दाबून बसत नाही, तिथे ठिणगी पडते आणि चकती जळून काळी होते. नवा सेल्फ महिनाभर चालतो आणि पुन्हा ‘टक’.

मोजून बघायला साधा मल्टीमीटर पुरतो, पण मदतीला एक माणूस हवा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून डिझेल बंद करायचा स्टॉप लिव्हर ओढून ठेवा. मग पुढच्या क्रमाने मोजा.

आधी चावी न मारता दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. पूर्ण चार्ज बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ दिसले तर ती जेमतेम अर्धी भरलेली आहे. आता मदतनिसाला पाच सेकंद चावी धरायला सांगा आणि त्या वेळी पुन्हा एकेक बॅटरी मोजा. दोन्ही मिळून १९-२० व्होल्टच्या खाली जाऊ नयेत. एक बॅटरी दुसरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त खाली जात असेल तर ती कमजोर आहे, मग ती नवी का असेना. ट्रॉलरवर याचं एक ठरलेलं कारण असतं. वायरलेस सेट, फिशफाइंडर आणि केबिनचे दिवे १२ व्होल्टचे, म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढलेली असते. ती बॅटरी रोज उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. वायरी अशा जोडलेल्या असतील तर त्या आजच काढा आणि २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवा.

बॅटऱ्या ठीक निघाल्या तर मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर धरा. वर बसवलेल्या टर्मिनलवर धरू नका, कारण खुंट आणि टर्मिनल यांच्यामधला गंजही मोजायचा आहे. काळं टोक सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टवर लावा. बहुतेक सेल्फवर त्याच्याजवळ ३० हा आकडा कोरलेला असतो. चावी धरल्यावर अर्धा व्होल्ट किंवा कमी दिसलं तर पॉझिटिव्ह बाजू चांगली आहे. एक व्होल्टच्या वर गेलं तर दोष वायर, लग (वायरच्या टोकाचा डोळा), कटऑफ स्विच (बॅटरी तोडायचा मुख्य स्विच) किंवा बॅटरी टर्मिनल यांपैकी कशात तरी आहे. टोकं एकेका जोडाच्या दोन बाजूंना धरत गेलात की नेमका जोड सापडतो.

मग निगेटिव्ह बाजू बघा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरं सेल्फच्या उघड्या धातूवर. इथे ०.३ व्होल्टच्या आत असावं. ट्रकमध्ये चासी लोखंडाची असते, परतीचा करंट कुठूनही येतो. लाकडी किंवा फायबरच्या नौकेत ती सोय नाही, सगळा करंट त्या एका अर्थिंगच्या वायरमधून परततो. ती वायर रंग खरवडलेल्या ब्लॉकवर, शक्यतो सेल्फच्याच फ्लँजच्या बोल्टखाली असली पाहिजे. गिअरबॉक्सच्या गंजलेल्या पायावर बांधलेली अर्थिंग म्हणजे अर्धवट अर्थिंग.

आता सोलेनॉइड. ३० नंबरचा बोल्ट आणि सोलेनॉइडमधून मोटरकडे जाणारा दुसरा जाड बोल्ट यांच्यामध्ये मीटर धरा. या मोजणीपुरता मीटर आधी ५० किंवा २०० व्होल्टच्या रेंजवर न्या. ‘टक’ आवाज आल्यावर पूर्ण २४ व्होल्ट दिसले तर आतले संपर्क जुळतच नाहीत, म्हणजे चकती जळाली. ०.३ च्या आत आणि मोटर मंद फिरते, तर संपर्क ठीक आहेत. मोटरच्या बोल्टवर व्होल्टेज पूर्ण पोचतंय आणि मोटर हलत नाही, तर कार्बन (मोटरला करंट पोचवणारे घासते ठोकळे) अडकलेत किंवा आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) गेलं. सेल्फ काढायची वेळ आता येते, आधी नाही.

शेवटी चावीकडून येणारी बारीक वायर, म्हणजे ५० नंबरचं टर्मिनल. चावी धरल्यावर तिथे १६ व्होल्टपेक्षा कमी मिळत असतील तर सोलेनॉइड नीट ओढणार नाही. केबिनमधल्या चावीपासून इंजिनपर्यंतची वायर लांब आणि बारीक असते, तर सोलेनॉइड ओढताना क्षणभर तीस-चाळीस अँपिअर घेऊ शकतो. सेल्फजवळ ७० अँपिअरचा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) बसवा, बॅटरीच्या जाड बोल्टपासून रिलेमार्गे ५० नंबरपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची वायर टाका आणि चावीला फक्त रिले ओढायचं काम द्या. तुमची ‘चार-पाच वेळा चावी मारली की उचलतं’ ही तक्रार याच जागी अनेकदा संपते.

एक धोक्याची सूचना. ‘टक’ ऐवजी ‘धाड’ असा जड आवाज येऊन सगळं जाम झालं तर पुन्हा चावी मारू नका. आधी बॅटरी तोडून, क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवून बघा. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ओल्या एक्झॉस्टच्या इंजिनात असं पाणी बऱ्याचदा सेल्फ मारत राहिल्यानेच शिरतं. इंजिन फिरतं तसा पंप समुद्राचं पाणी मफलरमध्ये टाकत जातो, पण ते बाहेर ढकलायला धूर नसतो. तेव्हा दोन-तीनदा सेल्फ मारूनही इंजिन लागलं नाही तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करा आणि इंजिन लागताच तो न विसरता उघडा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये किमान एक मिनिट थांबावं.

प्रश्न : सेल्फ घर्र करून जोरात फिरतो, इंजिन मात्र हलत नाही. कधी कधी दातावर दात घासल्याचा आवाज येतो. इंजिन चार सिलिंडरचं. — हर्णे

तुमच्या तक्रारीत दोन वेगळी दुखणी आहेत. आवाज स्वच्छ आणि मोटर मोकळी फिरत असेल तर पिनियनमागचा (पिनियन म्हणजे सेल्फच्या टोकाचं छोटं दातेरी चाक) एकदिशा क्लच घसरतोय. सेल्फ काढून पिनियन हाताने फिरवा. एका बाजूला ते सहज फिरलं पाहिजे, दुसऱ्या बाजूला आर्मेचरला धरून ठेवलं पाहिजे. दोन्हीकडे फिरत असेल तर क्लच गेला. तो उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, पूर्ण ड्राइव्ह बदला. हा क्लच डिझेलमध्ये किंवा केरोसीनमध्ये बुडवून धुतला की आतलं ग्रीस निघून जातं आणि चांगला क्लचही महिन्याभरात घसरतो. तो फक्त फडक्याने पुसायचा.

घासल्याचा आवाज येत असेल तर फ्लायव्हीलच्या रिंग गिअरचे, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाभोवतीच्या कड्याचे, दात बघा. इंजिन बंद होताना नेहमी कुठल्या तरी सिलिंडरच्या कॉम्प्रेशनला अडून थांबतं. म्हणून चार सिलिंडरच्या इंजिनात रिंग समोरासमोरच्या दोन जागी झिजते, सहा सिलिंडरमध्ये तीन जागी. बॅटरी तोडून इंजिन हाताने थोडं पुढे सरकवा, मग सेल्फ मारून बघा. लगेच उचललं तर दात झिजलेत हे पक्कं. समुद्रात अडकलात तर ही युक्ती परत किनाऱ्याला आणेल, पण तो इलाज नव्हे. रिंग बदलायला गिअरबॉक्स काढावा लागतो, म्हणून हे काम बंदीच्या काळात नौका वर असतानाच करून घ्या. नवी रिंग सगळीकडून सारखी, साधारण २०० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून फ्लायव्हीलवर बसवतात. लाल होईपर्यंत तापवली तर दातांचं पाणी उतरतं. दातांची तासलेली बाजू पिनियन जिकडून येतं तिकडे आली पाहिजे. ती उलटी बसली तर नवे दातही थोड्याच दिवसांत तुटू लागतात. झिजलेल्या रिंगसमोर नवा पिनियन बसवू नका, त्याचेही दात खराब होतील.

प्रश्न : सेल्फ स्वतः उतरवून कार्बन बदलता येतील का? आमच्या बंदरात वायंडर (मोटरची वेटोळी गुंडाळणारा कारागीर) नाही. — रत्नागिरी, मिरकरवाडा

येतील. मात्र आर्मेचर जळालं असेल तर ते घरी होणारं काम नाही.

सेल्फची जाड वायर चावी बंद असतानाही जिवंत असते. तिला लागलेला पाना इंजिनाला टेकला तर शेकडो अँपिअरचा भडका उडतो. म्हणून आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. जोडताना उलट, निगेटिव्ह सर्वांत शेवटी. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. बॅटरी नुकतीच चार्ज झाली असेल तर तिच्यातून हायड्रोजन निघत असतो, तेव्हा झाकण उघडून वारा खेळू द्या. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. सोलेनॉइडच्या बोल्टला बऱ्याचदा दोन नट असतात. वरचा सोडवताना खालचा दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर तांब्याचा बोल्ट आतल्या आत फिरून बेकेलाइटची टोपी फुटते. सेल्फ धरणारे फ्लँजचे बोल्ट दोन किंवा तीन असतात. शेवटचा बोल्ट सुटताना खालून आधार द्या, कारण मोठ्या इंजिनाचा सेल्फ एका हाताला पेलत नाही.

उघडण्याआधी खोक्याच्या तिन्ही भागांवर आरपार एक रेघ ओढा, म्हणजे परत त्याच कोनात बसेल. मागची टोपी काढली की कार्बन दिसतात. नव्याच्या निम्म्यापेक्षा कमी उरले असतील तर चारही बदला, एक-दोन बदलू नका. लांबी पुरेशी आहे पण कार्बन खोबणीत अडकतोय, ही खाऱ्या हवेतली नेहमीची तक्रार. बोटाने दाबून सोडल्यावर तो स्प्रिंगने झटकन परत आला पाहिजे. काही सेल्फमध्ये कार्बनची वेणी (विणलेली वायर) फील्ड कॉइलला, म्हणजे खोक्यातल्या न फिरणाऱ्या वेटोळ्याला, झाळलेली असते. तिथे साधा २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, जाड टोकाचा घ्या. सोल्डर वेणीत वर चढू देऊ नका. चढलं की वेणी कडक होते आणि कार्बन खाली सरकत नाही.

कॉम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग, ४०० नंबरच्या साध्या पॉलिश पेपरच्या पट्टीने गोल फिरवत साफ करा. काळा एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण पट्ट्यांच्या फटीत अडकून शॉर्ट करू शकतात. पट्ट्यांमधला मायका तांब्याच्या बरोबरीला आला असेल तर हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने तो सुमारे अर्धा मिलिमीटर खाली खरवडा. मग मीटर ओहमवर ठेवून एक टोक कॉम्युटेटरवर, दुसरं शाफ्टवर. काहीही रीडिंग येता कामा नये. आलं तर आर्मेचर अर्थ झालं, ते वायंडरकडेच जाईल.

आर्मेचरच्या अंगावर घासल्याचे चकचकीत पट्टे दिसले तर दोष बुशचा, म्हणजे शाफ्ट जिच्यात फिरतो त्या धातूच्या नळीचा, आहे. बुश झिजली की आर्मेचर एका बाजूला झुकून पोलला घासतं, सेल्फ जड फिरतो आणि जास्त करंट घेतो. पितळी दिसणाऱ्या सच्छिद्र बुश असतील तर त्या बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवा. हातोडीने ठोकू नका, व्हाइसमध्ये मापाच्या दांड्याने दाबून बसवा. सेल्फ लोहचुंबकाचा असेल, म्हणजे आत फील्ड कॉइल नसतील, तर त्याच्या अंगावर हातोडी मारायचीच नाही. आतले चुंबक तडकतात.

सोलेनॉइडची टोपी उघडत असेल तर जळालेले तांब्याचे बोल्ट अर्धा फेरा फिरवा, न जळालेली बाजू चकतीसमोर येते. चकती दोन्हीकडून सारखी असेल तर ती उलटी बसवा. सुट्या भागांचा खर्च न करता सोलेनॉइड आणखी एक हंगाम काढतो. पिनियन ज्या खोबण्यांवर सरकतं त्यांच्यावर ग्रीसचा पातळ हात पुरे. जास्त ग्रीस कार्बनच्या धुळीबरोबर चिकटून पिनियन अडकवतं. कॉम्युटेटरला तेल-ग्रीसचा स्पर्शही होऊ देऊ नका.

बसवण्याआधी व्हाइसमध्ये घट्ट धरून जंपर वायरने फिरवून बघा. नुसतं जमिनीवर ठेवून करंट दिलात तर सेल्फ उसळतो, पायावर पडतो.

प्रश्न : ट्रकचा सेल्फ होडीच्या इंजिनाला चालतो का? खूप स्वस्त मिळतो. — सातपाटी

इंजिन मूळ ट्रकचंच असेल आणि डिझेल असेल तर विजेच्या दृष्टीने चालतो. जुळवायच्या गोष्टी : व्होल्टेज, किलोवॅट, पिनियनचे दात आणि त्यांची जाडी, फ्लँजचं माप, पिनियन फ्लँजबाहेर किती येतं, आणि पिनियनच्या बाजूने बघितल्यावर फिरायची दिशा. यातली एक जरी चुकली तर रिंग गिअर जातो. दोन सेल्फ शेजारी ठेवून मापं घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मरीन सेल्फला जाड रंग, सांध्यांना रबरी सील आणि गंज न पकडणारे बोल्ट असतात. काही सेल्फमध्ये परतीच्या करंटसाठीही वेगळा बोल्ट असतो, अंगाला अर्थिंग नसतं. मूळ सेल्फ तसा असेल तर ट्रकचा लावू नका.

पेट्रोल इंजिन नौकेच्या आत बसवलेलं असेल तर उत्तर साफ नाही असं आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साठते. साध्या सेल्फमधली ठिणगी तिच्यापर्यंत पोचली की स्फोट होतो. तिथे ठिणगी बंदिस्त ठेवणारा मरीन सेल्फच हवा, आणि सेल्फ मारण्याआधी चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे वाफ बाहेर काढणारा पंखा, चालवायचा.

प्रश्न : बॅटरी इंजिनापासून दूर न्यायची आहे. वायर किती जाडीची घ्यावी? १२ व्होल्ट. — श्रीवर्धन

जाण्याची आणि येण्याची मिळून लांबी धरा. एकूण ६ मीटर वायर आणि ३०० अँपिअर करंट असेल तर ३५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये ०.९ व्होल्ट जातात, ५० मध्ये ०.६३, ७० मध्ये ०.४५. १२ व्होल्टवर आम्ही ७० घ्यायला सांगू. लांबी दुप्पट झाली की हे आकडेही दुप्पट. म्हणून जाडी वाढवण्यापेक्षा बॅटरी जवळ ठेवणं स्वस्त पडतं, फक्त ती तळातल्या पाण्याच्या वर आणि पट्ट्याने घट्ट बांधलेली हवी. कल्हई केलेल्या तारांची वायर मिळाली तर तीच घ्या. साध्या तांब्यात खारं पाणी तारांमधून आत चढतं आणि बाहेरून नवी दिसणारी वायर आतून हिरवी पडते. लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून वर गोंदवाली हीट श्रिंक नळी चढवा.

प्रश्न : पर्यटकांना नेणाऱ्या छोट्या बोटीला पेट्रोलचं आउटबोर्ड मशीन आहे. बटण दाबलं तर काहीच आवाज नाही. — मालवण

काहीच आवाज नसेल तर आधी गिअर न्यूट्रलमध्ये आहे का बघा. गिअरमध्ये असताना सेल्फला करंट जाऊ नये असा स्विच या मशीनमध्ये असतो आणि तो खाऱ्या पाण्याने बिघडतोही. लिव्हर थोडा मागेपुढे करत बटण दाबून बघा, लागलं तर दोष त्या स्विचचा. मग झाकणाखालचा मुख्य फ्यूज. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला, तार गुंडाळू नका.

मोटर फिरते पण पिनियन वर चढत नाही, असं झालं तर बेंडिक्सचे, म्हणजे पिनियन ज्यावरून वर चढतं त्या भागाचे, आटे बघा. ते घाणीने आणि जुन्या ग्रीसने अडकतात. स्वच्छ करून हलक्या तेलाचा थेंब द्या.

बोट पाण्यात असताना सेल्फ पूर्ण गेला तर बहुतेक मशीनबरोबर आणीबाणीची दोरी येते. वरचं झाकण काढून दोरीची गाठ फ्लायव्हीलच्या खाचेत अडकवायची, घड्याळाच्या दिशेने गुंडाळायची आणि ओढायची. दोरीने सुरू करताना न्यूट्रलचं संरक्षण नसतं, म्हणून लिव्हर स्वतः तपासा. मागे कोणी उभं नको, सैल कपडे, ओढणी, केस उघड्या फ्लायव्हीलपासून लांब. ही दोरी बोटीत आहे का हे प्रवासी चढण्याआधी बघायचं.

प्रश्न : इंजिन सुरू झालं तरी सेल्फ सुटत नाही, किंचाळतच राहतो. — देवगड

लगेच इंजिन बंद करा आणि बॅटरीचा कटऑफ पाडा. चावी काढून फरक पडणार नाही. सोलेनॉइडचे संपर्क एकमेकांना वितळून चिकटलेत, किंवा चावी अथवा रिले आत अडकलाय, किंवा पिनियन परत आणणारी स्प्रिंग तुटलीय. ओळखायचं असं : इंजिन बंद ठेवून ५० नंबरची बारीक वायर काढा आणि क्षणभर कटऑफ जोडा. तरी सेल्फ फिरला तर दोष सोलेनॉइडचा, नाही फिरला तर चावीच्या बाजूचा. कटऑफ स्विच नसेल तर या हंगामाआधी बसवाच. हाताने ओढता येईल अशा जागी, इंजिनाच्या खोलीबाहेर.

प्रश्न : तळात पाणी भरून सेल्फ बुडाला. दोन दिवसांनी काढला. वाचेल का? — वसई

उशीर झाला आहे, पण प्रयत्न करण्यासारखा आहे. आधी चावी मारून बघू नका. उघडा, गोड्या पाण्याने भरपूर धुवा, कारण मीठ राहिलं तर ते हवेतला ओलावा शोषत राहतं आणि इन्सुलेशन खातं. क्लचचं पिनियन तेवढं पाण्याखाली धरू नका. आर्मेचर आणि फील्ड कॉइल ७० अंशांच्या आसपास आठ-दहा तास वाळवा. गॅसच्या ज्योतीवर वाळवायचं नाही, वार्निश जळतं. मग वायंडरकडून मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून घ्या. अंगाशी एक मेगाओहमपेक्षा जास्त आलं तर वार्निशचा हात देऊन, बुश आणि कार्बन नवे घालून सेल्फ परत बसवता येईल. कमी आलं तर आणखी एकदा धुऊन वाळवा. दुसऱ्यांदाही कमीच आलं तर रिवाइंडिंग करा. सोलेनॉइड मात्र बंद डब्याचा असेल तर नवाच घ्या, आत गेलेलं मीठ धुता येत नाही.